अंबडचा व्हॅक्यूमवाला: चेंबर एक नंबर, डिलिव्हरी देवाच्या भरवशावर

गेल्या वर्षभरात तीन-चार कॉलेजच्या लोकांनी फोन करून एकच गोष्ट विचारली, मॅडम तुम्ही ते कोटिंग युनिट नाशकातच करून घेतलं म्हणे, कसं झालं, किती गेले, आणि व्हॅक्यूम खरंच येतं का? दर वेळी अर्धा-अर्धा तास फोनवर बोलण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. लांब आहे, चहा घेऊन बसा.

वर्कशॉपचं नाव लिहीत नाहीये, कारण पुढे तक्रारी पण आहेत आणि ते चालवणारा काका माणूस भला आहे. ज्याला शोधायचंय त्याने अंबड एमआयडीसीत दोन लेथवाल्यांना विचारलं तरी पत्ता मिळेल.

तर झालं असं की आमच्या एमएस्सीच्या लॅबमध्ये एक जुनं थिन फिल्म कोटिंग युनिट आहे (आतली हवा काढून काचेवर धातूचा पातळ थर चढवायचं मशीन), काचेच्या बेल जारचं, म्हणजे घंटेसारख्या काचेच्या झाकणाचं. त्याच्या काचेला खालच्या कडेला तडा गेला आणि मी त्याच दिवशी ते बंद केलं, कारण आतली हवा काढल्यावर असली काच फुटली तर ती आत फुटते आणि मग तुकडे चारी बाजूंनी उडतात, समोर पोरं उभी असतात. नवीन युनिटचं कोटेशन मागवलं तर आकडा बघून प्राचार्यांनी फाइल हळूच परत सरकवली. मग एचएएल ओझरमधून रिटायर झालेले एक ओळखीचे आहेत, ते म्हणाले पंप तर चांगलाय ना, मग फक्त चेंबर स्टीलचा करून घ्या, अंबडला एक जण करतो.

दुसरं काम एक्स-रेचं होतं. पावडर डिफ्रॅक्शनचं मशीन आहे आमच्याकडे (पावडरीवर एक्स-रे सोडून आतली अणूंची रचना बघायचं), त्याच्या बाहेरच्या कॅबिनेटचे दरवाजे सडले होते. दोन्ही कामं एकाच माणसाला दिली. आता कोणी म्हणेल व्हॅक्यूमवाल्याला एक्स-रेचं काय कळतं, तर तसं बघितलं तर १८९५ मध्ये रोंटगेनला एक्स-रे सापडले ते हवा काढलेल्या नळीवर काम करतानाच, त्यामुळे दोघांची सोयरीक जुनी आहे. पण हे लॉजिक आमच्या बाबतीत पूर्ण चाललं नाही, ते पुढे येतंच.

गरवारे पॉइंटवरून आत शिरलं की पत्र्याच्या शेडची रांग लागते, त्यातलंच एक. बाहेर टपरी, आत दोन लेथ, एक मिलिंग, आणि मागच्या कोपऱ्यात जाड प्लॅस्टिकचा पडदा लावून वेगळी केलेली खोली. पडद्याच्या आत ग्राइंडर न्यायचा नाही, चपला घालून जायचं नाही. बाहेर एवढा बर्बाद पसारा आणि आत टेबलावर धुतलेला मलमलचा कपडा, ते बघूनच मला जरा बरं वाटलं. काका साठीचे असतील, मूळचे टर्नर. बोलणं कमी. त्यांचा पहिला प्रश्न होता, मॅडम किती व्हॅक्यूम पाहिजे आणि किती वेळात पाहिजे? याआधी दोन फॅब्रिकेटरकडे जाऊन आले होते, त्यांचा पहिला प्रश्न होता पत्रा किती एमएमचा आणि बफिंग पाहिजे का. इथेच मी मनात ठरवलं की काम यांनाच द्यायचं.

मी सांगितलं ॲल्युमिनियम उडवायचंय, मायनस फाइव्ह पाहिजे. म्हणजे दहाचा उणे पाचवा घात मिलीबार, आमच्याकडे सगळे नुसतं मायनस फाइव्ह, मायनस सिक्स असंच म्हणतात. बाहेरची हवा हजार मिलीबारच्या आसपास, म्हणजे दहा कोटीतला एक भाग हवा आत उरली पाहिजे. एवढं कशाला, तर साध्या हवेत एक रेणू दुसऱ्याला धडकेपर्यंत मिलीमीटरचा दहा हजारावा भागसुद्धा जात नाही, मायनस फाइव्हला तोच रेणू सहा-सात मीटर बिनधास्त जातो. ॲल्युमिनियमची वाफ काचेपर्यंत सरळ गेली तरच आरसा बनतो, नाहीतर काळी राख बसते.

चेंबर ठरला बारा इंच व्यासाचा, सतरा इंच उंच, एसएस ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, साधारण तीस लिटर. झाकणाचा हिशेब काकांनी माझ्यासमोर वहीच्या पाठीमागच्या पुठ्ठ्यावर केला, की हवा काढल्यावर या झाकणावर बाहेरून सातशे किलोचा दाब येणार, म्हणून प्लेट एवढी जाड. समुद्रकिनाऱ्याला तो साडेसातशेपर्यंत जाईल, नाशिक उंचावर असल्याने आपल्याला थोडी सूट. यावरून त्यांनी एक किस्सा सांगितला, की एका गिऱ्हाइकाने डायलचा गेज ७६० ला जात नाही म्हणून बिल अडवलं होतं. नाशकात तो जाणारच नाही! डायल गेज बाहेरच्या हवेच्या मानाने दाखवतो आणि आपल्याकडे बाहेरची हवाच मुळात ७१० मिलिमीटरच्या आसपास आहे, मग पंप कितीही भारी लावा. माझ्या पोरांना मी आता हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारते, निम्मी पोरं अडकतात.

कामाबद्दल बोलायचं तर आर्गन वेल्डिंग बघायला मी मुद्दाम गेले होते. जोड आतल्या बाजूने अखंड मारला, बाहेरून फक्त ठिकठिकाणी टाके. मला आधी वाटलं कंजुषी करतायत. तर कारण असं की आतून-बाहेरून दोन्हीकडे पूर्ण वेल्ड मारला तर मधल्या फटीत हवा कायमची कोंडली जाते, ती आत हळूहळू झिरपत राहते आणि बाहेरून कितीही शोधा, लीक सापडत नाही कारण लीक बाहेरून नाहीच. तसंच आतल्या स्क्रूंचं, बंद भोकात स्क्रू आवळला की तळाशी हवा अडकते, म्हणून प्रत्येक स्क्रूला मधून आरपार बारीक भोक पाडलेलं. हे कोटेशनमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं, मी मागितलंही नव्हतं. आमचा डिफ्यूजन पंपही, म्हणजे गरम तेलाच्या वाफेने उरलीसुरली हवा ओढणारा पंप, त्यांनीच उघडून साफ केला (यालाच लॅबमध्ये डीपी म्हणतात, चौकातली महावितरणची डीपी नव्हे, एकदा नवीन क्लार्कने खरंच वायरमनला फोन लावला होता). आतलं तेल डांबरासारखं काळं झालेलं. काकांनी बोट लावून बघितलं आणि म्हणाले, गरम असताना कोणीतरी हवा सोडलीय. कोणी सोडली ते मला माहितीये, पण ते आता दुसऱ्या कॉलेजला एचओडी आहेत.

आता टेस्टिंगचा दिवस. ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय तो भाग हाच, बाकी घाईत वाचलं तरी चालेल.

सकाळी अकराला गेले. आधी ढोबळ हवा काढणारा रोटरी पंप लावला, दहा-बारा मिनिटांत पिरानी गेजवर (आतला दाब दाखवणारा मीटर) ०.०२ मिलीबार. मी खूश, म्हटलं झालं की, डीपी चालू करायला एवढं पुरतं. फोटोसुद्धा काढला ग्रुपवर टाकायला. काका म्हणाले थांबा, आणि पंप आणि चेंबरच्या मधला व्हॉल्व्ह बंद करून टाकला, घड्याळ बघून स्टुलावर बसले. पाच मिनिटांनी ०.३. दहा मिनिटांनी ०.६. एकसारखं चढत होतं, रिक्षाचं मीटर चढतं तसं. म्हणाले, लीक आहे.

म्हणजे पंप चालू असताना पंप ओढतोय आणि लीक भरतेय, दोघांची झटापट ०.०२ ला येऊन थांबलेली आणि मी तो आकडा बघून पेढे वाटायच्या तयारीत! हिशेब सोपा आहे, तीस लिटर गुणिले ०.५८ भागिले ६०० सेकंद, म्हणजे सेकंदाला ०.०३ मिलीबार-लिटर आत येतंय. आमच्या डीपीची चेंबरपाशी खरी ओढ सेकंदाला दीडशे लिटर धरा, तर तो ०.०००२ लाच अडकणार, मायनस फाइव्ह जन्मात आलं नसतं. आणि मी लॅबमध्ये आणून महिनाभर पंपाला शिव्या देत बसले असते. दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती म्हणजे चढण सरळ आहे का वाकतेय ते बघायचं. लीक असेल तर काटा सरळ एका चालीने चढतो. आतल्या भिंतीला चिकटलेलं पाणी सुटत असेल तर सुरुवातीला भरभर आणि मग मंदावतो. वीस वर्षं शिकवतेय, पुस्तकात हे होतं, मुलांना फळ्यावर काढूनही दाखवलंय, पण व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं गप्प बसायचं हे मी स्वतः कधी केलेलं नव्हतं, कारण आमच्याकडे मशीन कंपनीकडून पॅक होऊन यायचं आणि आकडा दिसला की सही.

मग शोधाशोध. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये ॲसिटोन घेऊन एकेका जोडावर थेंब-थेंब सोडायचा आणि पिरानीच्या काट्याकडे बघायचं. पंखा बंद, लेथ बंद, बाहेर टपरीवाल्याला पण सांगून ठेवलेलं की आत विडी घेऊन कोणाला पाठवू नको. वायर आत नेण्याच्या फीडथ्रूजवळ थेंब गेला आणि काटा टुणकन उडाला. उघडून बघितलं तर ओ-रिंगच्या (जोड हवाबंद करणारी रबरी रिंग) खाचेत एक बारीक ओरखडा, आतून बाहेर जाणारा आडवा. लेथच्या टूलच्या गोल गोल रेषा असतात त्या चालतात म्हणे, कारण त्या रिंगच्या बरोबरीने फिरतात, हवेला आतल्या आत गोल फिरवतात. आडवा ओरखडा म्हणजे सरळ बोगदा. कुकरच्या रिंगमध्ये भाताचं शीत अडकलं की शिट्टी होत नाही, अगदी तेच, फक्त इथे हवा उलटी जाते. पोऱ्याने खाच साफ करताना स्क्रूड्रायव्हर वापरला होता, त्याला काका जे बोलले ते लिहिता येणार नाही.

फ्लँज, म्हणजे ती खाचेची चकती, पुन्हा लेथवर चढवून खाच हलकी फिरवून घेतली, नवीन विटॉन रबराची रिंग, ग्रीस अगदी नावाला. परत व्हॉल्व्ह बंद, दहा मिनिटं. ०.०२ वरून ०.०५, आणि शेवटची पाच मिनिटं काटा जवळजवळ झोपलेला.

मी म्हटलं काका झालं आता. तर नाही. हेलियमवाला मुलगा दुपारी येणार होता, लीक डिटेक्टर भाड्याने मागवलेला. हे मशीन आतल्या हवेतला फक्त हेलियम ओळखतं, आणि हवेत मुळातच हेलियम दहा लाखात पाच भाग, त्यामुळे बाहेरून हेलियमचा बारीक फवारा मारला की कुठून आत जातोय ते लगेच कळतं. ही युक्ती निघाली अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या कारखान्यात, युरेनियमच्या प्लांटच्या मैलोगणती पाइपांची गळती शोधायला, आणि आता अंबडच्या शेडमध्ये आमच्या तीस लिटरच्या डब्यावर. वरून सुरुवात करून खाली यायचं म्हणाला मुलगा. मी विचारलं का, तर म्हणे हेलियम हलका आहे, वर जातो, खालून सुरुवात केली तर वरची लीक आधी बोलते आणि आपण खाली शोधत बसतो. एका पोर्टच्या (चेंबरला जोडणीसाठी ठेवलेलं तोंड) वेल्डवर पिनहोल निघालं, मायनस सिक्सचं, म्हणजे सेकंदाला दहाचा उणे सहावा घात मिलीबार-लिटर गळणारं. खरं सांगायचं तर आमच्या कामाला त्याने काडीचा फरक पडला नसता आणि मी तसं म्हटलंही. काका म्हणाले मॅडम, तुम्हाला चालेल, मला झोप लागणार नाही. ग्राइंड करून पुन्हा आतून वेल्ड मारलं, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

इथपर्यंत पाचपैकी पाच.

आता एक्स-रेचं कॅबिनेट. ड्रॉइंग मशीनच्या सर्व्हिस इंजिनीअरने दिलेलं, फायनल तपासणी आमच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची (आरएसओ), म्हणजे काकांकडे फक्त डबा, शिशाचं अस्तर आणि दरवाजाचा इंटरलॉक. डब्याचं काम मस्त. शिशाचे पत्रे कोपऱ्यात एकमेकांवर चढवलेले, कौलासारखे, नुसते टोकाला टोक भिडवलेले नाहीत. आमची ट्यूब तांब्याची, चाळीस किलोव्होल्टच्या वर आम्ही जात नाही, आणि चाळीसच्या किरणांना एक मिलिमीटर शिसं म्हणजे हिशेबाने कोटीत एखादा पार जातो. पण शिसं अडवतं ते जिथे असतं तिथे, फट असली तर हिशेब गेला खड्ड्यात.

गडबड झाली इंटरलॉकमध्ये. दरवाजा उघडला की हाय टेन्शन बंद पडलं पाहिजे, एवढी साधी अट. वर्कशॉपमध्ये ट्यूबच्या जागी साधा चाळीस वॉटचा बल्ब लावून दाखवला, दरवाजा उघडला, बल्ब गेला. बंद केला, बल्ब आला. इलेक्ट्रिशियन म्हणाला ओके आहे मॅडम. पण आदल्या आठवड्यातच व्हॉल्व्हचा धडा मिळालेला असल्यामुळे मी म्हटलं, आता स्विचची एक वायर काढा आणि मग दरवाजा उघडा. तो माझ्याकडे बघायला लागला. काढली वायर, उघडला दरवाजा. बल्ब चालूच!

म्हणजे त्याने जोडणी उलटी केली होती. दरवाजा उघडला की स्विच लागतो, रिले ओढतो आणि सप्लाय तोडतो, अशी. उंदराने वायर कुरतडली, कनेक्टर ढिला झाला, काही झालं तरी रिले कधी ओढणारच नाही आणि दरवाजा सताड उघडा असताना एक्स-रे चालू राहतील, तेही न दिसणारे, न जाणवणारे. पाहिजे उलट, की दरवाजा बंद असतानाच सर्किट पूर्ण होईल आणि वायर तुटली तर मशीन आपोआप मरेल. बरं हे काही मी शोधलेलं नाही, लिफ्टच्या दरवाजाला पण असंच असतं. एवढी मायनस सिक्सच्या पिनहोलने झोप उडणारी माणसं आणि इथे ‘मॅडम वायर कशाला तुटेल’ असं उत्तर? मी तिथे आवाज चढवला, काकांना वाईट वाटलं, मलाही नंतर वाटलं. दोन दिवसांत जोडणी बदलून दिली, एकाच्या जागी दोन स्विच, दोन्ही सिरीजमध्ये. पाण्याच्या फ्लो स्विचची टेस्टही मग मीच करायला लावली, नळ बंद केला की ट्रिप. चाळीस किलोव्होल्ट गुणिले वीस मिलिअँपिअर म्हणजे ८०० वॉट, त्यातले एक टक्कासुद्धा एक्स-रे होत नाहीत, बाकी सगळी उष्णता तांब्याच्या त्या नखाएवढ्या जागेत, पाणी थांबलं तर ट्यूब गेली आणि ट्यूबची किंमत ऐकून प्राचार्य परत फाइल सरकवतील.

कॉलेजमध्ये बसवल्यावर आरएसओंनी किरणं मोजायचा सर्व्हे मीटर घेऊन ट्यूबचं शटर उघडं ठेवून कोपरा न् कोपरा फिरवला. सगळीकडे बॅकग्राउंड, फक्त मागच्या केबलच्या भोकापाशी मीटर किटकिटायला लागला. तिथे शिशाचं वाकडं नाक बसवलं, केबल वळून जाते, किरण वळत नाहीत. त्यानंतरच पोरांना आत घेतलं. ज्यांना असलं काम करायचंय त्यांना एवढंच सांगते, एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळ) रजिस्ट्रेशन आणि आरएसओ हे आधी, डबा नंतर. काका स्वस्तात डबा करून देतील, पण सेफ्टी त्यांच्या भरवशावर सोडू नका. एक्स-रेच्या कामाला पाचपैकी तीन, आणि तेही शिशाच्या कोपऱ्यांमुळे.

आता डिलिव्हरी. सहा आठवडे म्हणाले होते, अकरा लागले. मध्ये गणपती, मग वेल्डर गावाला, मग दसऱ्याला मशीनची पूजा म्हणून मशीनला हात लावायचा नाही. हे मी धरूनच चालले होते. पण चेंबर आला छोट्या हत्तीत, कांद्याच्या गोण्यांशेजारी, टेम्पोवाल्याला पुढे कुठेतरी तेही टाकायचे होते. आणि पोर्ट उघडे! एकाही पोर्टला टोपी नाही, प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा नाही. ज्या चेंबरला पडद्याआड चपला काढून हात लावायचा, तो हायवेची धूळ खात कॉलेजच्या दारात. आमच्या मामांनी आत हात घालून एका पोर्टमधून कांद्याचं टरफल काढून दाखवलं, अख्खं, गुलाबी. मी हसावं का रडावं कळेना. पुन्हा सगळं ॲसिटोन, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मग रात्रभर हीटर लावून ठेवला, एक दिवस त्यात गेला. डिलिव्हरीला एक स्टार, तो टेम्पोवाल्याने चेंबर खाली उतरवताना आपटला नाही म्हणून.

कागदपत्रांचंही तेच. एवढी सुंदर टेस्ट, आणि रिपोर्ट म्हणून डायरीचं फाडलेलं पान, त्यावर पेन्सिलीने तीन आकडे. आमच्या ऑडिटला ते पान चालेना. शेवटी रीडिंगचा तक्ता मीच टाइप केला, काकांनी शिक्का मारला. तुम्ही जाल तेव्हा फॉरमॅट घरूनच टाइप करून न्या.

पैसे: चेंबर, बेसप्लेट, पाइपिंग, डीपीची सर्व्हिस आणि हेलियम टेस्ट धरून जीएसटीसकट एक लाखाच्या थोडं वर. कॅबिनेट वेगळं, शिशाच्या भावावर जातं. ॲडव्हान्स निम्मा मागतात, बाकी टेस्ट झाल्यावर. तुमचं पेमेंट ट्रेझरीतून येणार असेल तर आधीच सांगून ठेवा, लहान माणूस आहे, सहा महिने थांबू शकत नाही.

युनिट आता रोज चालतं. सकाळी साडेनऊला डीपी चालू केला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत मायनस फाइव्ह, संध्याकाळपर्यंत त्याच्याही खाली. पावसाळ्यात अर्धा-पाऊण तास जास्त लागतो, कारण चेंबर उघडला की ओल्या हवेतलं पाणी आतल्या भिंतीला चिकटतं, त्याला काकाही काही करू शकत नाहीत. एक्स-रेवर पोरांनी पहिल्याच दिवशी मेसच्या मिठाची पावडर लावली, मोठं शिखर ३१.७ अंशाला आलं, जिथे यायला पाहिजे तिथेच.

अपडेट: मागच्या आठवड्यात झाकणाची ओ-रिंग बदलायला काकांना फोन केला होता. रिंग आली कुरिअरने, सोबत एक पिशवी भरून पोर्टच्या प्लॅस्टिक टोप्या, न मागता. बिलात लावल्यात, पण लावू दे.